खिचडीचा टेम्पो आत कसा जातो?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळपासून या शिबिरात संविधान, शिक्षण, कुटुंब कायदा अशा मोठ्या विषयांवर चर्चा झाली. जेवणानंतरच्या सत्रात माझ्या वाट्याला आलेला विषय आहे टेम्पो. सार्वजनिक कार्यक्रमाच्या ठिकाणी सामान घेऊन जाणाऱ्या गाडीला शहरात परवानगी कशी मिळते, ती कुठे अडते आणि ती मागताना आपण नागरिक म्हणून कसं वागायचं, यावर मी बोलणार आहे. विषय कोरडा वाटेल. पण ज्यांनी रस्त्यावर उभं राहून पाण्याचा एक जार जरी रिकामा केलाय, त्यांना तो कोरडा वाटणार नाही.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर स्क्रीनसमोर बसतो, भाषणाची सवय नाही. पुण्यात पूर्व भागातल्या पेठांमध्ये आमचं घर आहे. दरवर्षी ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची आणि तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात येते. एका पालखीचा मुक्काम भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, दुसरीचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. म्हणजे आमच्या दारातच. आमच्या गल्लीत मोहरममध्ये सबील लागते. ती पिंपं, ते पेले, तीच माणसं, वारीत पाणपोईला उभी राहतात. शेजारच्या काकू साबुदाण्याचं बघतात, कारण पालखी पुण्याहून निघते तो दिवस पुष्कळदा एकादशीचा असतो आणि त्या दिवशी डाळ-तांदळाची खिचडी चालत नाही. ही माहिती मला इंजिनिअरिंग कॉलेजात मिळाली नव्हती, काकूंकडून मिळाली.

आमच्या गटात अर्ज आणि परवानग्यांचं काम माझ्याकडे आहे. त्यातून जे समजलं ते सांगतो.

पहिली गोष्ट. आपण "परवानगी आहे का?" असं एकवचनात विचारतो. प्रत्यक्षात ती एक नसते. रस्त्याकडेला मांडव किंवा टेबल टाकायचं असेल तर महापालिकेची परवानगी लागते, पुण्यात त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात जायचं. गर्दी, स्पीकर, बंदोबस्त यासाठी स्थानिक पोलीस ठाणं. अन्न वाटायचं असेल तर अन्नसुरक्षेचा कायदा. स्वयंपाक जागेवर करायचा असेल तर अग्निशमन दलाचा प्रश्न आला. आणि या सगळ्यांत जो कागद बहुतेक गट विसरतात तो म्हणजे बंद रस्त्यावर सामानाची गाडी आत नेण्याचा. पहिल्या कागदांवर मांडव उभा राहतो. त्या मांडवात खिचडी पोचवायची ताकद त्यांच्यात नसते.

हे मी अनुभवातून सांगतोय. मी गटात नवा होतो त्या वर्षी मांडवाची परवानगी रीतसर होती, ज्येष्ठांनी ती फ्रेम करून लावल्यासारखी खांबाला लावली होती. खिचडी कोंढव्यात एका हॉलवर तयार झाली. मी छोट्या हत्तीत ड्रायव्हरशेजारी बसून निघालो. पेठेच्या तोंडाशी बॅरिकेड. आम्हाला थांबवलं. नियमाप्रमाणे थांबवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढच्या पाच मिनिटांची आहे. आमच्या मागून आणखी एक टेम्पो आला. त्यावर एका नेत्याच्या फोटोचा बॅनर होता. त्यातल्या मुलानं एक नंबर फिरवला, फोन पोलिसाच्या हातात दिला, बॅरिकेड सरकलं, टेम्पो आत गेला. त्यांच्याकडेही कागद नव्हता. आमच्याकडेही नव्हता. फरक फोनचा होता.

आम्ही खिचडीची पातेली उतरवली आणि एका ओळखीच्या भाजीवाल्याच्या हातगाडीवरून तीन खेपांत आत नेली. खिचडी वाया गेली नाही. पण मला त्या रात्री झोप आली नाही. आमच्या गटातले एक चाचा म्हणाले, "बेटा, अगले साल हम भी किसी का नंबर रखेंगे." बहुतेकांना हेच सुचतं. मला मात्र वाटलं की पुढच्या वर्षी आपल्याकडे नंबर नको, कागद हवा. कारण नंबर एका माणसाचा असतो. तो माणूस निवडणूक हरला, फोन बंद असला, आपल्यावर नाराज झाला की आपलं पाणी बंद. कागद तसा नसतो.

मग मी कायदा वाचायला घेतला. वकील नाही, पण मॅन्युअल वाचायची सवय आहे.

मिरवणूक किंवा पालखीच्या वेळी रस्ते बंद करण्याचे आदेश निघतात ते मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खाली. सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यासाठी वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार हे कलम देतं. त्यात एक बारीक तरतूद आहे. निर्बंध एका महिन्याहून जास्त काळाचा नसेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, परिस्थितीप्रमाणे स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरे. म्हणून हे आदेश आपल्याला वर्तमानपत्रात किंवा पोलिसांच्या सोशल मीडियावर दिसतात, तेही अनेकदा एकदोन दिवस आधी. आपण आदेशाची वाट बघत बसलो तर अर्जाला वेळ उरत नाही. मागच्या वर्षीचा आदेश काढून वाचायचा. रस्ते फारसे बदलत नाहीत, तारखा बदलतात.

या आदेशांत बहुधा एक ओळ असते : अग्निशमन दल, पोलीस, रुग्णवाहिका अशी अत्यावश्यक सेवेतील वाहने वगळून. आपली खिचडी आणि आपले पाण्याचे जार या ओळीत बसत नाहीत, मग भावना कितीही चांगली असो. म्हणून वाहतूक शाखेकडे वेगळा अर्ज करावा लागतो : अमुक क्रमांकाची गाडी, अमुक वेळेत, अमुक रस्त्याने, अमुक ठिकाणी, अमुक सामानासाठी सोडावी.

इथे एका शब्दाचा घोळ होतो तोही सांगतो. आपण ड्रायव्हरला विचारतो, "परमिट आहे ना?" तो म्हणतो, "आहे." तो मालवाहतुकीच्या परमिटबद्दल बोलत असतो. ते वेगळं. खरं तर एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे ते परमिट लागतच नाही, आणि छोटा हत्ती या वजनात बसतो. त्याला आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स लागतं. पण यातल्या कशानेही बंद रस्ता उघडत नाही. गाडी रस्त्यावर चालवण्याचा हक्क आणि त्या दिवशी त्या गल्लीत शिरण्याची मुभा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अन्नाबद्दल. "आम्ही विकत नाही, फुकट वाटतो, मग लायसन्स कशाला?" हा प्रश्न दर वर्षी येतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. त्याखालच्या २०११ च्या परवाना व नोंदणी नियमावलीत लहान अन्न उत्पादकाच्या व्याख्येत तात्पुरत्या स्टॉलवाल्याबरोबरच धार्मिक किंवा सामाजिक समारंभात अन्न वाटणाराही धरलेला आहे. नोंदणी ऑनलाइन होते, त्या नियमावलीप्रमाणे तिची फी वर्षाला १०० रुपये. म्हणजे सबील असो, लंगर असो, महाप्रसाद असो, कायद्याला सगळे सारखे. आणि कृपा करून घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर टेम्पोत टाकू नका. तो घरगुती वापरासाठीच आहे. असल्या कामाला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. अन्न शिजवून आणायचं आणि जागेवर फक्त वाढायचं, हे आमच्या गटाने ठरवलंय. एक परवानगी कमी आणि एक धोका कमी.

आता मुद्दा येतो अर्जाचा, आणि इथेच मला तुमच्याशी जरा मोकळेपणाने बोलायचंय.

आम्ही अर्ज लिहायला बसलो तेव्हा गटातल्याच एका तरुण मित्राने सुचवलं, "वर शेजारच्या काकांचं नाव टाकूया. आपली नावं खाली. काम लवकर होईल." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. काकाही लगेच तयार झाले, म्हणाले, "टाका की, माझी काय हरकत?" कुणाचाच हेतू वाईट नव्हता. तरीही त्या वाक्याने खोलीत एक शांतता आली. कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं की तो काय म्हणतोय.

मी तेव्हा एवढंच म्हटलं : अर्जावर त्याचं नाव असावं, जो त्या दिवशी सकाळी पाच वाजता टेम्पोबरोबर असणार आहे. काही झालं तर उत्तर द्यायला जो समोर उभा राहील त्याचं. ते काका असतील तर काकांचं. मी असेन तर माझं. नावाने फरक पडत नसेल तर क्रम बदलायची गरज नाही. आणि फरक पडत असेल तर तो आपल्याला दिसला पाहिजे, कागदावर, कारणासकट. आपण नाव झाकून परवानगी आणली तर आपल्याला परवानगी मिळेल, पण आपल्या नावाच्या माणसाला परवानगी मिळते की नाही हे कधीच कळणार नाही. आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या गटात असे काका नसले तर त्यांनी काय करायचं?

अर्ज माझ्या नावाने गेला. एका कार्यालयात, नाव सांगत नाही, खिडकीवर उत्तर मिळालं, "ठेवून जा, बघतो." मी पोच मागितली. "पोच लागत नाही, तोंडी सांगतो साहेबांना." मी म्हटलं, "साहेब, शिक्का आणि आवक क्रमांक द्या, मग ठेवतो." दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी अर्ज ईमेलनेही पाठवला, त्या ईमेलची प्रिंट जोडली आणि पुन्हा गेलो. पोच मिळाली. मी आवाज चढवला नाही. आवाज चढवला की विषय अर्जाचा राहत नाही, आवाजाचा होतो, आणि आपल्या बाबतीत तर फार लवकर होतो.

शेवटी परवानगी आली. मागितल्या होत्या तीन गाड्या, मिळाल्या दोन. वेळ मागितली होती सकाळी आठपर्यंत, मिळाली सहापर्यंत. गटात थोडी नाराजी झाली. मला मात्र तो कागद आवडला. कुणीतरी अर्ज वाचला होता, विचार केला होता, काटछाट केली होती. ही मेहरबानी नव्हती, निर्णय होता. निर्णयाबद्दल वाद घालता येतो. मेहरबानीबद्दल फक्त आभार मानता येतात.

आता कायद्याने आपल्या हातात काय आहे ते पाहू. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या ज्या सेवा अधिसूचित केल्या आहेत, त्या ठरलेल्या मुदतीत देणं बंधनकारक आहे. अर्जाची पोच द्यावी लागते. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं. नकार मिळाला किंवा मुदत टळली तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. सबळ कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तुम्हाला हवी ती सेवा अधिसूचित यादीत आहे का, हे आधी तपासा. त्या त्या कार्यालयाने ही यादी फलकावर लावायची असते.

सेवा यादीत नसेल तर? तरी माहिती अधिकार आहेच. २००५ चा कायदा, दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. मी विचारलं : मागच्या तीन वर्षांत सामानाच्या गाड्यांसाठी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, मंजुरीचे लेखी निकष काय? आकडे आले. निकष आले नाहीत. पहिलं अपील केलं आहे. मी कुणाला पकडायला निघालेलो नाही. मला निकष हवे आहेत, कारण निकष कागदावर आले की बॅनरवाल्या टेम्पोला आणि बिनबॅनरच्या टेम्पोला एकच फूटपट्टी लागेल.

पण मित्रांनो, दुसरी बाजूही बोलायला हवी. रस्ता बंद करणारा पोलीस आपला शत्रू नाही. त्या दोन दिवसांत त्या पेठांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आपल्यासारखे पन्नास गट आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की आपलाच टेम्पो महत्त्वाचा. सगळे आत सोडले तर ज्या म्हाताऱ्या वारकरी बाईला चक्कर आली, तिच्यापर्यंत रुग्णवाहिका पोचणार नाही. रस्ते आणि पदपथ मोकळे असणं हा नागरिकांचा हक्क आहे, आणि कोणत्याही धर्माच्या सणासाठी विनापरवाना मांडव चालणार नाही, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर २०१५ आणि २०१६ च्या आदेशांत घेतली. ती आपल्या सणांनाही लागू आहे. दुसऱ्यांना लावायचा नियम आपल्यालाही लावून घ्यावा लागतो.

रस्ता एक आहे आणि मागणारे अनेक. आमच्या धंद्यात अशा वेळी आम्ही वेळ वाटून देतो. समाजातही हेच चालतं. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईत मुस्लिम संघटनांनी मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि राज्य सरकारने २९ तारखेला सुट्टी जाहीर केली. तोच रस्ता, फक्त वेळ वेगळी. कुणाचीही श्रद्धा कमी झाली नाही. सामानाच्या गाड्यांचंही तसंच आहे. गाडी आत सोडण्याची परवानगी म्हणजे शेवटी रस्त्यावरच्या वेळेचा एक तुकडा. तो जितका लहान मागाल तितका मिळण्याची शक्यता जास्त.

म्हणून आम्ही आता असं करतो. जड आणि न नासणारं सामान, म्हणजे पाण्याचे जार, टेबलं, पिंपं, रस्ता बंद व्हायच्या आदल्या रात्री आत नेऊन ठेवतो. त्याला परवानगीच लागत नाही. केळी मार्केट यार्डातून पहाटे उचलतो. बंदच्या काळात फक्त शिजवलेलं अन्न येतं, तेही बॅरिकेडपर्यंत टेम्पोने आणि पुढे हातगाडीने. तीन गाड्यांचं काम दीड गाडीवर आलं. परत येणारी रिकामी पातेली आणि कचरा याचीही एक खेप अर्जात लिहितो. लोक आत जाण्याचं मागतात, बाहेर पडण्याचं मागायला विसरतात.

अर्जाचा नमुना आम्ही एका पानात बसवलाय. गाडी क्रमांक, ड्रायव्हरचं नाव आणि लायसन्स क्रमांक, सामान आणि अंदाजे वजन, कुठून कुठे, कोणत्या वेळेत, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि मोबाइल. मागे हाताने काढलेला नकाशा. या नकाशाचं महत्त्व मला बॅरिकेडवर कळलं. बंदोबस्ताला बाहेरगावाहून आलेल्या पोलिसाला आमच्या गल्ल्यांची नावं कशी माहीत असणार? "अमक्या हलवायाच्या बाजूने" म्हटलं तर तो बिचारा काय समजणार? मंजूर अर्ज आणि नकाशा काचेला आतून चिकटवलेला होता. त्याने गाडीचा नंबर बघितला, वेळ बघितली, नकाशावर बोट फिरवलं आणि बॅरिकेड बाजूला केलं. माझं नाव त्याने वाचलं असेल किंवा नसेल. त्याला कुणाला फोन करावा लागला नाही आणि मलाही नाही.

मला पुष्कळ जण म्हणतात, "तू इंजिनिअर आहेस, यासाठी एक अॅप का बनवत नाहीस?" अॅप बनवायला महिनाभर लागेल. पण निकष लिहिलेले नसतील तर अॅपमागेही कुणाचा तरी फोनच चालेल, फक्त तो दिसणार नाही. आधी नियम मराठीत, साध्या भाषेत, फलकावर यायला हवा. त्यानंतर सॉफ्टवेअर आपण एका आठवड्यात लिहू. सध्या आमच्याकडे एक शीट आहे : अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय, कुणाला भेटलो, काय उत्तर मिळालं. पाच वर्षांनी दुसरा कुणी हे काम हातात घेईल तेव्हा त्याला शून्यापासून सुरुवात करायला लागू नये.

तो नमुना आम्ही आजूबाजूच्या गटांनाही देतो. गेल्या वर्षी एका गणेश मंडळाच्या मुलांनी तो नेला. त्याआधी १४ एप्रिलला पाणी वाटणाऱ्या बौद्ध तरुणांच्या गटाने नेला. काही जणांनी आम्हाला विचारलं, "आपली युक्ती दुसऱ्यांना कशाला द्यायची? पास मोजकेच असतात." मला हा विचार पटत नाही. अर्ज जितके जास्त आणि जितके सारखे, तितका कार्यालयावर निकष लिहिण्याचा दबाव जास्त. एकटा अर्जदार म्हणजे कटकट. एकाच नमुन्यात आलेले चाळीस अर्ज म्हणजे पद्धत.

आपण अल्पसंख्य म्हणून हक्कांबद्दल बोलतो तेव्हा मोठे शब्द वापरतो, ते वापरायलाच हवेत. पण माणूस नागरिक आहे की नाही, हे बऱ्याचदा एका खिडकीवर ठरतं, जिथे त्याला पोच मिळते किंवा मिळत नाही. चाचांना मी आता एवढंच सांगतो की नंबर ठेवू नका, आवक क्रमांक ठेवा. ते हसतात. पण गेल्या वर्षी त्यांनी स्वतः जाऊन अर्ज दिला, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलले नाहीत.

अर्जाच्या नमुन्याच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा, आणि तुमच्या गावात त्यात काय बदलावं लागलं ते आम्हाला कळवा.